स्ट्रेचरवर मी झोपेन

माझ्या नवऱ्याला हेलिकॉप्टरातून नेलं होतं, हे आमच्या गावात अजून कौतुकानं सांगतात. लग्नाकार्यात कोणी नवा पाहुणा भेटला की माझे मोठे दीर त्याला आधी हेच ऐकवतात. "आमच्या भावाला सौदीत हेलिकॉप्टरनं इस्पितळात नेलं, म्हटलं! आपल्याकडे ॲम्ब्युलन्समध्ये डिझेल नसतं." पाहुणा डोळे मोठे करून माझ्या नवऱ्याकडे बघतो आणि मग त्याची नजर हळूच खाली, पँटच्या उजव्या पायाकडे घसरते. त्या नजरेचा मला राग येत नाही. तिची सवय झाली. राग येतो तो त्या कौतुकाचा. पाय गेला तो राहिला बाजूला, हेलिकॉप्टर मिळालं हे मोठं!

तेव्हा तो एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. पाइपलाइनचं काम वाळवंटात, हमरस्त्यापासून पार आत चाललं होतं. ट्रेलरवरून पाइप उतरवताना एक घरंगळला आणि त्याच्या पायावर आला. रस्त्यानं न्यायला अर्धा दिवस गेला असता, म्हणून हेलिकॉप्टर बोलावलं. दम्मामच्या इस्पितळात पोचेपर्यंत जीव वाचला, पण पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

मी तेव्हा संगमेश्वरजवळच्या आमच्या गावी, सासरी होते. मुलगी दोन वर्षांची. फोन दिरांना आला आणि त्यांनी मला दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर सांगितलं. मी विचारलं, "काल का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, "तू रात्रीची जेवली नसतीस." ते वाईट माणूस नाहीत. पण माझ्या नवऱ्याचा पाय गेलाय हे मी कधी ऐकायचं, तेसुद्धा त्यांनीच ठरवलं.

पुढचंही सगळं त्यांनी ठरवून टाकलं. तो परत येणार, कंपनी जे काही देईल त्यात एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान टाकायचं, अपंग म्हणून जागा लवकर मिळते, ओळखीचा माणूस आहे. मशीनसुद्धा बघून ठेवलं होतं. सासूबाई डोळे पुसत मान हलवत होत्या. मला कोणी विचारत नव्हतं आणि त्यात कोणाला काही वावगंही वाटत नव्हतं.

चार-पाच दिवसांनी त्याचा स्वतःचा फोन आला. म्हणाला, "मी येतो परत. आता इथं राहून काय करू? मी कसल्या कामाचा?"

मी म्हटलं, "तुम्ही येऊ नका. मीच येते."

बोलण्याआधी मी असलं काही मनात आणलंच नव्हतं. तोंडातून निघालं आणि मग मला कळलं की हे मला केव्हापासूनच म्हणायचं होतं. दिरांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि फोनमध्ये बोलत राहिले. "पाय गेलाय. डोळे आहेत, हात आहेत. गेज तपासायच्या टेबलावर बसायला पाय कशाला लागतो? तुमच्या मॅनेजरला विचारा."

"असं कोण ठेवून घेतं गं इथं?"

"विचारलंत का?"

त्यानं विचारलं नव्हतं. विचारायला त्याला आणखी आठवडा लागला. मॅनेजर सौदी होता, फार बोलणारा नव्हता. त्यानं माझ्या नवऱ्याकडे, कुबड्यांकडे आणि रिकाम्या टेबलाकडे बघितलं आणि म्हणाला, "तीन महिने बघू. यल्ला, लागा कामाला." ते तीन महिने अजून चालू आहेत.

मला फॅमिली व्हिसा मिळायला वर्षाच्या वर लागलं. निघायच्या आदल्या दिवशी मागच्या पडवीत दीर कोणाला तरी सांगताना मी ऐकलं, "लंगड्या माणसाच्या मागनं परदेशात चाललीय. येईल हात हलवत परत." मी मुलीला मांडीवर घेऊन भात भरवत होते. भरवायचं थांबले नाही. पण ते वाक्य मी बॅगेत घालूनच दम्मामला आणलं असं म्हणायला हरकत नाही. इथल्या इंडियन स्कूलमध्ये मी लहान वर्गांना शिकवायला लागले, डी.एड. कामी आलं. उजवा पाय नसल्यानं त्याचं गाडी चालवणं सुटलं होतं, म्हणून भाजी आणायची तरी टॅक्सी बोलवावी लागे. बायकांना इथं गाडी चालवायची परवानगी मिळाली तेव्हा आमच्या इमारतीत पहिल्यांदा ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं ते मी. खालच्या मजल्यावरच्या केरळी बाई म्हणाल्या, "आपको डर नहीं लगता?" मी म्हटलं, "लगता है. इसलिए सीख रही हूँ."

असं सगळं आम्ही दोघांनी मिळून ओढून आणलं. त्यानं मला सगळं सांगितलं होतं. नसलेल्या पायाच्या अंगठ्याला कशी खाज सुटते ते, पहिल्यांदा कृत्रिम पाय लावून संडासला एकटा गेला तेव्हा आत बसून कसा रडला ते. पण हेलिकॉप्टरातल्या त्या पाऊण तासाबद्दल एक अक्षर नाही. "आठवत नाही," एवढंच. आठवत होतं त्याला, हे मला कळायचं. समुद्राच्या बाजूला फिरायला गेलो आणि वरून हेलिकॉप्टर गेलं की सगळी माणसं वर बघतात, हा मात्र शेंगदाण्याची पुडी सोडवण्यात गढून जायचा.

त्या पाऊण तासाची गोष्ट सासूबाईंनी परस्पर तयार करून टाकली होती. पोरगा वाटभर ग्रामदेवतेचं नाव घेत होता म्हणून वाचला, असं त्या सगळ्यांना सांगत. नवसही फेडून झाला होता. आम्ही गावी गेलो की बायका ही गोष्ट त्याच्या समोर सांगत आणि तो मान खाली घालून ऐकून घेई. मला वाटायचं, खूप दुखलं असेल, रडला असेल, घाबरून देवाला हाका मारल्या असतील आणि आता पुरुष म्हणून सांगायला लाजत असेल. मी खोदून विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी आम्ही पोहे खात होतो. मुलगी आता सोळा वर्षांची आहे. आम्ही मराठीत बोलतो, ती उत्तर तिला हव्या त्या भाषेत देते. तिनं फोन पुढे केला. "आई, लुक ना. ओल्ड आर्मी हेलिकॉप्टर. दे टेक यू अप!"

रियाधच्या बाहेर एका छोट्या धावपट्टीवर जुन्या विमानांचं प्रदर्शन होतं. कोणा हौशी माणसानं लष्कराचं एक जुनं हेलिकॉप्टर दुरुस्त करून उडवण्याजोगं केलं होतं. युद्धात जखमी सैनिकांना उचलून आणायचं ते हेलिकॉप्टर, आत स्ट्रेचरसकट. आता त्यातून हौशी लोकांना चक्कर मारून आणत होते.

"बाबा, यू वेअर इन वन, ना? कैसा था?"

"आठवत नाही," तो म्हणाला आणि कप घेऊन स्वयंपाकघरात गेला. कपात चहा तसाच होता.

मला काय झालं कोण जाणे. इतकी वर्षं त्या शब्दावर मी गप्प बसत आले होते. त्या दिवशी नाही बसले. आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मी जाणार ह्यात बसायला."

तो दारात आला. "वेड लागलंय का तुला? त्यात बसून काय मिळणार?"

"तुम्हाला आठवत नाही ना? मग मी बघून येते कसं असतं."

दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. तिसऱ्या दिवशी मी वह्या तपासत बसले होते, तर बाजूला येऊन उभा राहिला. "एकटी जाऊ नकोस," म्हणाला. "मीही येतो. आणि मीही बसेन."

पुढच्या शनिवारी आम्ही पहाटे निघालो. मी गाडी चालवत होते, तो शेजारी, मुलगी मागे कानात बोंडं घालून झोपलेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंट सोडले तर बघण्यासारखं काही नव्हतं. रियाध जवळ आल्यावर म्हणाला, "माझा पाय बघून ते नाही म्हणाले तर?"

"तर मी विचारेन, का नाही."

"तू भांडशील."

"हो," मी म्हटलं.

धावपट्टीच्या कडेला तंबू होते, कॉफीच्या गाड्या होत्या, मुलांच्या हातात फुगे होते. ते हेलिकॉप्टर जरा बाजूला उभं होतं. हिरवं, पोटाशी जाड, दोन्ही बाजूंची दारं सरकवून उघडी ठेवलेली. नाकावर इकडच्या ॲम्ब्युलन्सवर असते तशी लाल चंद्रकोर नव्यानं रंगवली होती आणि तिच्या रंगाखालून जुन्या लाल क्रॉसचे कोपरे पुसट दिसत होते. मी त्याच्या जवळ गेले आणि पत्र्याला हात लावला. ऊन लागून गरम झाला होता. माझा नवरा दहा पावलं मागेच थांबला.

आमची पाळी यायच्या आधी सगळ्यांना तंबूत बसवून माहिती दिली. नारिंगी जाकीट घातलेला एक सौदी तरुण होता, तो सुरक्षेचं बघत होता. गोड बोलणारा, चांगलं इंग्रजी. डोकं खाली घालून चालायचं, शेपटीकडे जायचं नाही, पट्टा सोडायचा नाही. एका फेरीत चार जण. तिघं बाकावर बसतील आणि एकाला हवं असेल तर स्ट्रेचरवर झोपता येईल. त्याला बँडेज बांधून, खोटं रक्त लावून, दोघं जण उचलून आत नेतील, फोटो छान येतात. लोक हसले. अठराच्या खालच्यांना परवानगी नाही हे तिथंच कळलं आणि आमची मुलगी फुगून बसली.

मग आम्ही उठलो आणि त्या तरुणानं माझ्या नवऱ्याची चाल बघितली.

"सर, एक मिनिट. पायाला काही...?"

नवऱ्यानं पँट वर करून दाखवली. त्याला लपवायची सवय नाही.

तरुणाचा चेहरा पडला. म्हणाला, "सॉरी सर. चढताना-उतरताना वेळ लागतो. काही झालं तर पटकन बाहेर पडता आलं पाहिजे." आणि मग त्याला काहीतरी सुचलं, चेहरा उजळला. खरोखर आनंदानं म्हणाला, "पण सर, तुम्ही स्ट्रेचरवर या ना! तुम्हाला चढायलाच नको. आम्ही उचलून नेऊ. तुम्हाला तर मेकअपसुद्धा लागणार नाही!"

त्याला त्यात काही लागण्यासारखं आहे हे कळलंच नव्हतं. मागे रांगेतलं कोणीतरी हसलं. माझ्या नवऱ्यानं पँट खाली केली, नीट झटकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चल. जाऊ या परत."

"नाही," मी म्हटलं.

"अगं, चल ना. तमाशा नको."

"तमाशा झालाय आधीच. आता पुरा होऊ दे."

मी त्या तरुणाकडे वळले. माझं इंग्रजी पहिली-दुसरीच्या वर्गाचं आहे. वाक्यं छोटी आणि आवाज मोठा. त्या दिवशी तेच कामी आलं. म्हटलं, "स्ट्रेचरवरच्या माणसाला पट्ट्यांनी बांधता. काही झालं तर तो पटकन कसा बाहेर पडणार?"

तो म्हणाला, "मॅडम, आमची माणसं त्याला उचलतील."

"म्हणजे बांधलेला माणूस चालतो आणि एका पायानं चालणारा चालत नाही?"

"मॅडम, नियम..."

"हा माणूस एकदा स्ट्रेचरवरून गेला आहे. खराखुरा. आता तो बसून जाणार. तुम्हाला स्ट्रेचरवर कोणीतरी हवंय ना? मी झोपते."

हे शेवटचं वाक्य मी नवऱ्याकडे बघून मराठीत पुन्हा म्हटलं. "स्ट्रेचरवर मी झोपेन. तुम्ही बसा."

एव्हाना आवाज ऐकून वैमानिक तिकडे आला होता. साठीचा सौदी, पांढऱ्या मिशा, फ्लाइंग सूट पोटावर घट्ट झालेला. तरुणानं त्याला अरबीत भराभर सगळं सांगितलं. तो हसला नाही, माझ्याशी गोड बोलला नाही, नवऱ्याला सहानुभूतीही दाखवली नाही. हेलिकॉप्टरकडे बोट केलं आणि म्हणाला, "चढा."

नवरा पुढे गेला. खाली जो आडवा दांडा असतो, ज्यावर हेलिकॉप्टर टेकतं, त्यावर त्यानं डावा पाय ठेवला आणि उजवा उचलायला गेला. कृत्रिम पाऊल दांड्यात अडकलं. तो दाराच्या कडेला लोंबकळला. रांगेतली माणसं गप्प झाली, आणि ते हसण्याहून वाईट होतं. मला धावत जाऊन धरावंसं वाटलं. मी हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून ठेवले. आमच्यात कधीचंच ठरलेलं आहे, तो हाक मारेपर्यंत मी धरायचं नाही.

त्यानं हाक मारली नाही. पाऊल सोडवलं, खाली उतरला, क्षणभर दाराच्या उंचीकडे बघितलं. मग दाराकडे पाठ केली, दोन्ही तळवे आतल्या जमिनीवर टेकले, हातांवर अंग उचललं आणि बूड आत टेकून दोन्ही पाय एकदम आत फिरवले. गावी नदीवर होडीत चढतात तसा. बाकावर जाऊन बसला.

"उतरा," वैमानिक म्हणाला.

तो सरकत कडेला आला आणि खाली उभा राहिला.

"पुन्हा."

पुन्हा चढला. ह्या खेपेला आधीपेक्षाही झटकन. वैमानिकानं त्या तरुणाकडे बघून खांदे उडवले. "आपल्या आधीच्या फेरीतला जाडा गृहस्थ ह्याच्या निम्म्यानंही चपळ नव्हता," असं काहीसं तो अरबीत म्हणाला असावा, कारण तरुण ओशाळून हसला. मग वैमानिकानं माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "आणि तुम्ही खरंच झोपणार?"

"खरंच."

"खोटं रक्त?"

"नको," मी म्हटलं. "आमच्याकडे खरं सांडून झालंय."

मला वाटलं, हे बोलणं जरा जास्त झालं. पण तो माणूस स्वतःच्या छातीला हात लावून जरासा झुकला आणि "यल्ला" म्हणत पुढे जाऊन बसला.

दोघांनी मला उचलून आत नेलं, तेव्हा रांगेत टाळ्या वाजल्या. मला त्या आवडल्या नाहीत. स्ट्रेचर म्हणजे दोन दांड्यांमध्ये ताणलेलं जाड कापड. छातीवरून, पोटावरून आणि गुडघ्यांवरून पट्टे आवळले. आवाज अडवायला कानांवर मोठे गोल बसवले. माझ्या उजव्या हाताला बाकावर नवरा आणि त्याच्या पलीकडे बाप आणि त्याचा मोठा मुलगा असे दोघं अनोळखी पाहुणे.

इंजिन सुरू झालं आणि वरचं पातं फिरायला लागलं. आवाज कानांपेक्षा पाठीतून जास्त येत होता. मणका न् मणका हलत होता. जळक्या तेलाचा आणि तापलेल्या कापडाचा वास नाकात भरला. मग जमीन सुटली. ती सुटलेली मला दिसली नाही, फक्त पोटात कळली.

मी काय बघायला आले होते? वाळवंट, रस्ते, दूरचं रियाध, हे सगळं बाकावरच्या पाहुण्यांना दिसत होतं. ते बोटं दाखवत होते, हसत होते. मला दिसत होतं ते छत. मळकट हिरवं, शिवण घातलेलं अस्तर आणि त्यावरच्या गोल बटणांच्या रांगा. उघड्या दाराच्या वरच्या कडेला आभाळाची एक पट्टी, तीही सारखी तिरकी व्हायची. आपण वर चाललोय की खाली, कुठल्या दिशेला, किती राहिलं, काही कळत नव्हतं. हेलिकॉप्टर एका अंगाला कललं आणि मला वाटलं की मी ह्या उघड्या दारातून घसरत बाहेर जाणार. पट्टे होते, हे माहीत होतं. तरी मी ओरडले. माझं ओरडणं मला स्वतःलाच ऐकू आलं नाही.

तेव्हा मला जे कळलं ते इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. माणूस त्यात झोपला की त्याच्याविषयीचं सगळं दुसऱ्याच्या हातात जातं. मला उठून बसायचं होतं. नुसतं बसायचं होतं, बाकी काही नाही. आणि ते मला करता येत नव्हतं.

मी मान वळवली. नवरा बाहेर बघत नव्हता. इतका लांब येऊन, भांडून मिळवलेली जागा, बाजूला उघडं दार, पण तो वाकून माझ्याकडे बघत होता. त्यानं माझ्या गालावर दोन बोटांनी टकटक केलं. त्याचे ओठ हलत होते. काहीतरी बोलत होता, न थांबता, आणि मध्येच हसत होता. मी डोळ्यांनी विचारलं, काय? तो बोलतच राहिला. मी त्याचा गुडघा धरला. तो डावा की उजवा ते मी बघितलंही नाही. उतरेपर्यंत सोडला नाही.

खाली आल्यावर मला उचलायला माणसं आली, त्यांना मी हातानंच थांबवलं. पट्टे काढल्यावर स्वतः उठले. नवरा आधीच सरकत उतरून खाली उभा होता. त्यानं हात पुढे केला, मी तो धरला आणि उतरले. मुलगी धावत आली. "आई, आर यू क्राइंग?"

"वारा लागला," मी म्हटलं.

आम्ही कॉफीच्या गाडीमागे सावलीत बसलो. मुलगी फोटो काढायला गेली. मी विचारलं, "तिथं काय बोलत होतात मला?"

"शिव्या देत होतो," तो म्हणाला.

"मला?"

"नाही गं. आठवत होतो. तेव्हा दिलेल्या."

आणि मग त्यानं सांगितलं. त्या हेलिकॉप्टरात त्याच्या बाजूला एक सुदानी नर्स बसला होता. धिप्पाड, दाढीवाला. त्याचं काम एकच, ह्याला झोपू द्यायचं नाही. ह्याचे डोळे मिटले की तो गालावर चापट मारायचा आणि ओरडायचा, "ला तनाम! ला तनाम!" झोपू नको. आणि ह्याला इतका राग आला, इतका, की ह्यानं डोळे मिटूनच त्याला आपल्या संगमेश्वरी बोलीत शिव्या घालायला सुरुवात केली. आधी त्या नर्सला. मग पाइपला. मग ट्रेलरच्या ड्रायव्हरला, फोरमनला, कंपनीला. मग गावाकडे वळला.

"दादाला पण दिल्या," तो म्हणाला. "मला सौदीला पाठवायचं त्यानंच ठरवलं होतं ना. आयचा घो म्हटलं त्याच्या. पाऊण तास थांबलो नाही. एक शिवी दुसऱ्यांदा द्यायची नाही असं ठरवलं होतं. म्हणून तर जागा राहिलो."

"आणि तो नर्स?"

"त्याला काय कळणार? डोळे मिटलेले, ओठ चाललेले. त्याला वाटलं मी दुआ मागतोय. मी प्रत्येक शिवी संपवली की तो हात वर करून म्हणायचा, आमीन. आमीन!"

मला हसू आवरेना. तोही हसत होता, हसता हसता पुसत होता डोळे. बाजूच्या टेबलावरचं कुटुंब आमच्याकडे वळून बघायला लागलं. मी म्हटलं, "इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही रडला असाल. हे सांगायला काय झालं होतं?"

तो गंभीर झाला. "आईनं देवाचं नाव घेऊन ठेवलं होतं गं. नवस फेडला, गावजेवण घातलं. मी काय सांगू, देवाचं नाव एकदाही आलं नाही तोंडात म्हणून? आणि सगळे मला बिचारा म्हणायला लागले होते. बिचाऱ्यानं देवाचं नाव घ्यायचं असतं. शिव्या देणारा बिचारा कोणाला पटला असता?"

"मला पटला असता."

"हो. पण तू विचारलं नाहीस."

ते खरं होतं. इतरांना उत्तर देण्यात मी इतकी गुंतले होते की त्याला विचारायचं राहून गेलं.

दुपारी आम्ही रियाधच्या बत्हा भागात जेवलो. तिथं एक चांगली माशाची खाणावळ आहे, आमच्या किनाऱ्यावरचेच लोक चालवतात. मुलीनं तेवढ्यात फोटो घरच्या ग्रुपवर टाकले होते. मी स्ट्रेचरवर बांधलेली आणि तो बाजूला बसलेला. जेवण संपायच्या आत दिरांचा फोन आला. त्यानं स्पीकरवर घेतला.

"काय रे, हे काय चालवलंयत? तिला काय झालं?"

"काही नाही. हौस म्हणून झोपली होती."

"हौस? अरे, असल्या गोष्टींची हौस असते का? लोक काय म्हणतील? आई घाबरलीय इथं."

"आईला दे."

सासूबाई फोनवर आल्या, रडवेल्या आवाजात. तो म्हणाला, "आई, सगळं ठीक आहे. आणि एक सांगायचं होतं तुला. तेव्हा हेलिकॉप्टरात मी देवाचं नाव घेतलं नव्हतं. शिव्या देत होतो. वाटभर."

सासूबाईंनी विचारलं, "कुणाला?"

"सगळ्यांना. दादालासुद्धा."

त्यांचा आवाज एकदम हलका आणि खालचा झाला, दिरांना ऐकू जाऊ नये असा. "बरं केलंस," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गावातली गोष्ट काही बदलली नाही. दीर अजून पाहुण्यांना हेलिकॉप्टरचं कौतुक सांगतात, शिव्यांचं सांगत नाहीत. पण आता आम्ही तिथं असलो की माझा नवरा मध्येच तोंड घालतो आणि पुढचं स्वतः सांगतो, आमीनसकट, चापट मारण्याच्या आविर्भावासकट. बायका पदरात तोंड लपवून हसतात. पाहुण्याची नजर त्याच्या पायाकडे जायची राहून जाते.

अजूनही कोणीतरी मला बाजूला घेऊन विचारतंच, "मग परत कधी येताय कायमचे?" काळजीनंच विचारतात. मी सांगते, "आम्हाला यावंसं वाटेल तेव्हा." आणि पान वाढायला घेते.